उघाडी

रात्रपाळीतल्या भीतीला वास असतो,
तापलेल्या रबराचा.
रबाळ्याच्या त्या कंपनीत मी नवा होतो,
मला तो अजून ओळखता येत नव्हता.

पावणेतीनला तीन नंबरच्या भांड्याचं तापमान
अठ्ठ्याहत्तर हवं, ते चौऱ्याऐंशी होतं.
मग शहाऐंशी.
ब्राइनचा व्हॉल्व्ह बंद राहिला होता.
मीच विसरलो होतो.
धावत खाली गेलो, उघडला, वर आलो,
आणि कुणाला काही बोललो नाही.

आकडा चढतच राहिला.

फोनवर सोमणसाहेब,
घोडबंदर रोडवरून, अंथरुणातून:
"दहा मिनिटं थांबा. अठरा लाखांची बॅच आहे, मढवी.
उतरेल. नेहमी उतरते."

मढवींनी रिसीव्हर ठेवला.
आपटला नाही. ठेवला,
गरम वाटी ओट्यावर टेकवावी तसा.
आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले.
"बघ, थरथरतायत.
मना भ्याव वाटतंय.
दुपारी पोराशी भांडून आलोय, तो राग यातच आहे,
साहेबावरचापण यातच.
आता माझ्या डोळ्यांचा भरवसा नाय.
आकडे तू वाच. मोठ्यानं. मी ऐकतो."

एकोणनव्वद.
नव्वद.
एक्क्याण्णवला माझा आवाज फाटला.
ते खिडकीबाहेर बघत होते,
ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पिवळ्या दिव्यांपलीकडे
जिथं खाडी असावी असा नुसता काळोख होता.

"तिकडं आमचं मिठागर होतं," ते म्हणाले,
जणू आम्ही चहाला बसलोय.
"उधाणाच्या रात्री बाबा उघाडीवर बसायचा.
पाणी चढल्यावर फळी काढायला जाशील
तर फळी निघत नाय.
पाण्याचा जोरच तिला आवळून धरतो.
ती निघते त्याआधी,
बाकीच्यांना वाटत असतं अजून वेळ आहे, तेव्हा."

त्र्याण्णव.
"काका, तो व्हॉल्व्ह—"
"ते उद्या. आता आकडा."
"पंच्याण्णव."

त्यांनी लाल दांडा ओढला.

अठरा लाख रुपये पाण्याच्या टाकीत उतरले
तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही.
कुणीतरी झोपेत कूस बदलल्यासारखा.
मग वाफ. मग बराच वेळ नुसते पंखे.
आम्ही रात्रपाळीचे तेवीस जण,
शिवाय कँटीनचा बबन, जो उठलाच नाही.

चौकशीत पुण्याहून आलेल्या तज्ज्ञांनी आलेख पसरला.
म्हणाले, अठ्ठ्याण्णवला थांबली असती. कदाचित.
एसीच्या खोलीत
कदाचित हा शब्द फार गार लागतो.
व्हॉल्व्हचं विचारलं तेव्हा
"पाळी माझी होती," एवढंच मढवी म्हणाले.
त्यांची वेतनवाढ थांबली.
मी सहा महिन्यांनी कायम झालो.

तो उद्या काही आला नाही.
मी त्यांच्याबरोबर चार वर्षं डबा खाल्ला,
निवटीचं कालवण वाटून घेतलं,
त्यांच्या निवृत्तीला भाषणसुद्धा केलं.

आता त्या खुर्चीत मी बसतो.
हात थरथरले की दाखवतो,
नवी पोरं आधी हसतात,
मग वाचायला लागतात.

परवा तळवलीला फोन लावला.
"काका, तो व्हॉल्व्ह मी—"
"माहीत होतं रे. तू वर आलास
तेव्हा तुझे बूट भिजलेले होते."
"मग तेव्हाच का नाही बोललात?"

टीव्हीचा आवाज कमी झाला.
"तेव्हा बोललो असतो,
तर तू आकडे खोटे वाचले असतेस."

मला काही सुचेना.
पलीकडे कुणीतरी त्यांना
जेवायला हाका मारत होतं.